विंडोज आणि लिनक्स, दोन्हीवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर कशात लिहू? (मदत हवी आहे)

खटपट्या: किराणा दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहायचंय. कोड एकच हवा. क्यूटी, इलेक्ट्रॉन, फ्लटर, टाउरी या ॲप बनवायच्या साधनांची तुलना वाचून डोकं भणभणलंय. या आठवड्यात ठरवायचंच आहे. एकच नाव सांगा, कारणासकट.

अर्धविराम: विंडोज कुठलं? रॅम किती? भाषा कोणती येते?

नवा_गडी: फ्लटर घ्या. त्याच कोडमधून अँड्रॉइड ॲप निघेल, मालकाला घरबसल्या विक्री दिसेल.

खटपट्या: मोबाइल नकोय! विंडोज ७ आणि १०, रॅम २ ते ४ जीबी. सी शार्प येतं. बिल मराठीत.

अर्धविराम: मग अडचण विंडोज ७ ची आहे. इलेक्ट्रॉन आवृत्ती २२ नंतर त्यावर चालत नाही. क्यूटी ६ ला विंडोज १० लागतं. टाउरी विंडोजवर ज्या वेबव्ह्यू२ वर (ॲपमध्ये वेबपान दाखवणारा घटक) उभं आहे, ते विंडोज ७ साठी आवृत्ती १०९ वर थांबलं. माझं मत लझारस, म्हणजे पास्कल भाषेत ॲप लिहायचं साधन. छोटी एक्झी, वेगळा रनटाइम नको, २ जीबीतही सुरळीत.

कोकणकडा: सी शार्प येत असताना पास्कल कशाला? डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ विंडोज ७ वर चालतो, लिनक्सवर मोनो (डॉटनेटचा मुक्त पर्याय).

अर्धविराम: मोनोच्या विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटच्या खिडक्या-बटणांच्या भागात) अक्षरं लिबजीडीआयप्लस ही लायब्ररी काढते. ती पँगोशिवाय (अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी) बांधलेली असेल तर जोडाक्षरं तुटतात. लझारस लिनक्सवर खिडक्या-बटणांसाठी जीटीके२ किंवा क्यूटी५ वापरतं, तिथे देवनागरी नीट येते. क्यूटी५ निवडलंत तर त्याची पास्कल लायब्ररी सोबत द्यावी लागते.

वेबवाला: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर हिशोब ठेवणंच चूक. मशीन बदलायला सांगा आणि इलेक्ट्रॉन घ्या.

कोकणकडा: २ जीबीत इलेक्ट्रॉन? अख्खं क्रोमियम ब्राउझर सोबत येतं. दुकानदाराच्या खिशाचाही विचार करा.

अर्धविराम: खटपट्या, प्रिंटर आणि वजनकाटा जोडायचाय का?

खटपट्या: हो, दोन्ही. थर्मल ८० मिमी, काटा सिरियलवर. बिलिंग म्हटल्यावर ते आलंच ना.

अर्धविराम: यावरच निवड ठरते, आधी सांगायला हवं होतं. या प्रिंटरच्या फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते, म्हणून बिल बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) करून पाठवा. २०३ डीपीआयच्या ८० मिमी प्रिंटरला रुंदी ५७६ ठिपके, म्हणजे ओळीला ७२ बाइट. ५८ मिमीला ३८४ ठिपके, ४८ बाइट. हा आकडा चुकला की चित्र तिरकं सरकतं नाहीतर कचरा छापला जातो. काट्यासाठी उबुंटूवर वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर पोर्ट उघडत नाही. विंडोजवर थेट एपीआय वापरलात तर कॉम१० पासून पुढच्या नावाआधी दोन उलटे स्लॅश, टिंब, पुन्हा एक उलटा स्लॅश लागतो. कॉम९ पर्यंत सगळं चालतं, त्यामुळे ही चूक लवकर सापडत नाही.

कोकणकडा: लिनक्सची बायनरी सर्वांत जुन्या डिस्ट्रोवर बांधा. नव्या ग्लिबसीवरची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) जुन्यावर बहुधा सुरूच होत नाही. हे मोनोला लागत नाही, म्हणून अजूनही म्हणतो, मोनो घ्या आणि लिबजीडीआयप्लस पँगोसह बांधून बघा.

डेटा_मावशी: एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला डेटाबेस) वापरणार असाल तर फाइल नेटवर्क फोल्डरमध्ये ठेवू नका. दोन काउंटरवरून लिहिलं की लॉकिंग दगा देतं आणि फाइल बिघडू शकते. त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग-फाइलमध्ये लिहिणारा) तर नेटवर्कवर चालतच नाही.

खटपट्या: काउंटर एकच आहे. लझारसमध्ये बिटमॅपचे बाइट प्रिंटरला कच्चे कसे पाठवायचे? विंडोजचा ड्रायव्हर मध्ये येतो.

अर्धविराम: विनस्पूलमधून (विंडोजची छपाईची एपीआय) डॉक्युमेंट उघडताना डेटाटाइप 'रॉ' द्या, ड्रायव्हर हात लावत नाही. लिनक्सवर कप्सला (छपाई-यंत्रणा) एलपी कमांडमधून रॉ पर्याय देऊन पाठवा. प्रिंटरचं मॉडेल टाका, कमांड तपासून सांगतो.