फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा, खाली दूध फाटतंय: मेकॅनिक म्हणतो गॅस भरा. मदत हवी आहे

जास्वंद

नमस्कार मंडळी. अकोल्याहून लिहिते आहे. आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आहे, साधारण अडीचशे लिटरचा, आठ वर्षांचा. आजवर कधी कुरकुर केली नाही. गेल्या आठवड्यापासून खालचा कप्पा गारच होत नाहीये. सकाळी तापवून ठेवलेलं दूध संध्याकाळी फाटतं, इडलीचं पीठ रात्रीतून डब्याबाहेर येतं, कोथिंबीर दुसऱ्या दिवशी चिकट. आणि वर फ्रीजरमध्ये मात्र बर्फ अगदी टणक! ट्रे पिळला तरी खडे सुटत नाहीत इतका.

इथे सध्या पारा ४४ च्या आसपास आहे, त्यामुळे आधी वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. बटण सगळ्यात गारवर नेऊन ठेवलं, दोन दिवसांत आणखी बिघडलं. काल एक मेकॅनिक येऊन गेले. मागे हात लावला, कॉम्प्रेसर चालू आहे म्हणाले आणि "गॅस कमी झालाय, साडेतीन हजार लागतील" एवढंच सांगितलं. मागचं कव्हर उघडलं नाही, मीटर लावला नाही.

पैशांपेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रीजमध्ये असतं. गॅस कमी असेल तर वर बर्फ कसा होईल, हे मला कळत नाही. कुणी नीट सांगू शकेल का? आणि तोपर्यंत इन्सुलिनचं काय करू?

कोरडवाहू

ताई, साडेतीन हजार अजून देऊ नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

फ्रीजरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीतलं छोटं बटण बोटाने दाबून धरा. बऱ्याच मॉडेलांत दार उघडलं की पंखा थांबतो, बटण दाबलं की परत चालू होतो. आत पंख्याचा आवाज येतो का? मग फ्रीजरच्या मागच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या भिंतीवर हिम जमलंय का? आणि खालच्या कप्प्यात वरच्या बाजूला हवेची जाळी असते, तिच्यापुढे हात धरला तर गार झुळूक लागते का?

जास्वंद

कोरडवाहू, लगेच बघितलं. पंखा चालतोय, पण मधूनमधून घरघर येते, काहीतरी घासल्यासारखी. मागच्या भिंतीवर खालच्या अंगाला हिमाचा थर आहे, नखाने खरवडला तर भुगा निघतो. खालच्या जाळीपुढे हात धरला, जवळजवळ काहीच लागत नाही. आइस्क्रीमचा डबा मात्र वर घट्ट आहे.

तांब्याची_नळी

वीस-बावीस वर्षं फ्रीज-एसीचं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची शंका बरोबर आहे. हे गॅसचं लक्षण नाही.

बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गार करणारी कॉइल एकच असते, फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड. पंखा तिच्यावरून हवा ओढतो. बरीचशी हवा फ्रीजरमध्येच फिरते, थोडी एका बोगद्यातून खाली उतरते. खालच्या कप्प्याला स्वतःचा गारवा नसतो, वरून जे येईल त्यावर त्याचं भागतं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिचं पाणी कॉइलवर हिम होऊन बसतं. ते वितळवायला कॉइलखाली एक हीटर असतो. कॉम्प्रेसर काही तास चालला की टायमर किंवा बोर्ड त्याला थांबवतो, थोडा वेळ हीटर लावतो, पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं. घरच्यांना याचा पत्ताही लागत नाही.

हा हीटर लागायचा बंद झाला की हिमावर हिम चढतं आणि कॉइलच्या फटी बुजतात. हवा पुढे जात नाही. फ्रीजर कॉइलला लागूनच असल्यामुळे बरेच दिवस टणक राहतो, खालचा कप्पा मात्र उपाशी. पंख्याची घरघर म्हणजे पाती बर्फाला घासताहेत. तुमचं वर्णन शंभर टक्के याच वाटेने जातंय.

गॅस खरंच कमी झाला तर उलटं होतं. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि सगळ्यात आधी फ्रीजरच ढिला पडतो, आइस्क्रीमची लापशी होते. कव्हर काढलं तर कॉइलच्या एका टोकाला थोडंसं हिम, बाकी कोरडी. तुमच्याकडे पूर्ण कॉइल बर्फात गाडलेली निघेल. म्हणून कॉइल न बघता गॅस सांगणाऱ्याला हात लावू देऊ नका.

गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही, ते बंद चक्र आहे. कमी झाला तर कुठेतरी गळती आहेच. ती शोधून बुजवली नाही, गॅसच्या नळीतला फिल्टर बदलला नाही, तर भरलेला गॅस पुन्हा जाणार. शिवाय आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वालाग्राही आहे, आणि भरायचा असतो मोजक्या ग्रॅमच्या मापात. मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन दोन्ही छापलेलं असतं. भरणाऱ्याकडे वजनकाटा नसेल तर तो अंदाजपंचे काम करतोय.

आता खात्री करून घ्यायची असेल तर: प्लग काढा, फ्रीज रिकामा करा, दोन्ही दारं सताड उघडी ठेवून पूर्ण एक दिवस राहू द्या. समोर टेबलफॅन लावला तर लवकर होईल. खाली जुने टॉवेल टाका, बरंच पाणी येतं. सुरी, उलथनं काहीही घालून बर्फ खरवडू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोचा बसला तर खरोखरच गॅस जाईल. पूर्ण वितळल्यावर चालू करा. खाली छान गार झालं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू झालं, तर बहुधा डीफ्रॉस्टचाच, म्हणजे हिम वितळवायच्या यंत्रणेचा दोष.

मेकॅनिक आला की तीन वस्तू मीटरने तपासून घ्या: हीटर, थर्मल फ्यूज (फार तापलं की उडून हीटरची वीज तोडणारा) आणि बायमेटल (कॉइल गार असताना हीटरला वीज देणारा आणि गरम झाली की तोडणारा छोटा स्विच). हीटरला काही शे ओहम दाखवायला हवेत. फ्यूजला सलग जोड हवी. बायमेटलमध्ये मात्र भले भले फसतात. तो गार असतानाच जोडलेला असतो, खोलीच्या तापमानाला उघडाच दिसणार. तो गेला असं ठरवण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवा आणि मग मीटर लावा. फ्यूज उडालेला निघाला तर बायमेटलही सोबत बदला, कारण तो चिकटून राहिला की हीटर तापत जातो आणि फ्यूज उडतो. आणि फ्यूज काढून वायरी थेट जोडून देतो असं कुणी म्हणालं तर घरात घेऊ नका. प्लास्टिक, तापलेला हीटर आणि ज्वालाग्राही गॅस, सगळं एका जागी असतं तिथे.

गवतीचहा

मी फार्मासिस्ट आहे, इन्सुलिनबद्दल लिहिते. न फोडलेल्या कुप्या आणि पेन २ ते ८ अंशात लागतात, तेव्हा त्या आजच शेजाऱ्यांच्या किंवा ओळखीच्या औषधाच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवा. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण ती खोली २५ ते ३० अंशांची धरलेली असते, अकोल्याची मे महिन्यातली नव्हे. नेमकी मर्यादा पेनासोबतच्या कागदावर बघा.

घाबरून फ्रीजरमध्ये तर अजिबात टाकू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसू शकतं, पण टाकूनच द्यायचं असतं. बर्फाला चिकटवूनही ठेवू नका.

फ्रीज नाही अशा घरांना आम्ही मातीच्या भांड्याचा उपाय सांगतो. मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सतत ओली. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं, सावलीत वारं लागेल तिथे. तुमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे हे चांगलं चालतं. त्यातही थर्मामीटर ठेवून बघा. या काळात सासूबाईंची साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. आकडे कारण नसताना चढले तर आठवडाभर गरम राहिलेल्या कुप्यांवर शंका घ्या आणि डॉक्टरांशी बोला.

रामटेकडी

तांब्याची_नळी यांच्याशी सहमत. एक भर घालतो. फ्रीजच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग असतो, एसटी किंवा टी असं लिहिलेलं. एसटी ३८ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, टी ४३ पर्यंत. स्वयंपाकघरात दुपारी त्याच्याही वर जात असेल तर चांगला फ्रीजही धापा टाकतो. शेगडीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे सरकवा. बाजूचे पत्रे गरम लागतात ते दोष नाही, बऱ्याच मॉडेलांत उष्णता तिथूनच बाहेर टाकलेली असते.

रबर तपासायचं असेल तर दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथून दमट हवा आत जाते आणि हिम वाढतं. कोमट साबणाच्या पाण्याने खाचा पुसल्या की पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

हडसनकाठ

थोडं वेगळं विचारते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. फ्रीजला नळाची जोडणी आहे आणि आपोआप बर्फ पाडणारा आइसमेकर. पाणी दारातून येतं, पण बर्फ पडत नाही, पडला तर अर्धे, पोकळ खडे. फ्रीज बदलायची वेळ आलीय का?

तांब्याची_नळी

हडसनकाठ, बदलायची घाई नको. आधी आइसमेकरची तार किंवा दांडी बघा. वर अडकलेली असेल तर यंत्र समजतं टोपली भरली आहे आणि थांबतं. मग फ्रीजरचं तापमान मोजा. साचा पुरेसा गार झाल्याशिवाय खडे सुटतच नाहीत, म्हणून उणे १८ च्या आसपास हवं.

अर्धे, पोकळ खडे म्हणजे साच्यात पाणी कमी पडतंय. पाण्याचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. तो काढून त्याजागी बायपासचं, म्हणजे पाणी फिल्टरशिवाय सोडणारं बूच लावा आणि एक दिवस बघा. खडे भरून आले तर दोष फिल्टरचाच. नाही आले तर साच्यात पाणी सोडणारी बारीक नळी फ्रीजरमध्ये शिरते तिथे बर्फाने बुजली आहे का बघा, कोमट फडक्याने शेकली तर सुटते. ती पुन्हा पुन्हा गोठत असेल तर मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि थेंब थेंब गळतो, तो बदलावा लागेल. नवा फिल्टर घातल्यावर पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्या.

जास्वंद

मंडळी, कळवायला उशीर झाला. इन्सुलिन त्याच दिवशी शेजारच्या काकूंकडे ठेवलं. फ्रीज दारं उघडी टाकून वितळवला, परातीत किती पाणी आलं म्हणून सांगू! चालू केल्यावर खालचा कप्पा पहिल्यासारखा गार झाला आणि काही दिवसांनी जाळीतली झुळूक परत मंदावली. म्हणजे तुम्ही सांगितलं तसंच.

मग दुसऱ्या मेकॅनिकना बोलावलं आणि फोनवरच विचारलं, मीटर आणता का? त्यांनी मागची भिंत उघडली, कॉइल पांढरीशुभ्र, एकही फट दिसत नव्हती. हीटर चांगला निघाला, थर्मल फ्यूज उडालेला. बायमेटल बर्फ-मिठात घालून तपासायला सांगितलं तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, पण तपासला, आणि तो गरम झाल्यावरही सुटत नव्हता. दोन्ही बदलले. मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर घालून रात्रभर मधल्या फळीवर ठेवला होता, सकाळी ४ अंश. सासूबाईंच्या नव्या कुप्या आणल्या, जुन्या कुप्या टाकून द्यायला डॉक्टरांनी सांगितलं. नव्या कुप्या दाराच्या खणात न ठेवता मधल्या फळीवर ठेवते आहे.

एक राहिलंच. आता भाजीच्या ट्रेखाली थोडं पाणी साचतंय. हे पुन्हा त्याचंच काही आहे का?

कोरडवाहू

वितळलेलं पाणी खाली नेणारं भोक कचऱ्याने बुजलं असणार. कॉइलखालच्या पन्हाळीच्या मधोमध ते असतं. कव्हर परत काढावं लागेल, तेव्हा त्याच मेकॅनिकना बोलवा. कोमट पाणी पिचकारीने सोडायचं, मागच्या ट्रेमध्ये ते उतरलं की मार्ग मोकळा. ते करतानाच मागचा ट्रेही ओढून धुऊन घ्या. डेंगीचे डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि पालिकेचे लोक पावसाळ्यात घरी आले की कूलरसोबत हा ट्रेही बघतात. दर आठवड्याला रिकामा करून कोरडा पुसून ठेवा.