मदत हवी आहे : ‘अपरोक्ष’ ठेवू की ‘परोक्ष’ करू?

आत्याच्या आठवणींचं छोटं पुस्तक घरच्यांसाठी छापतोय, मुद्रितं मी तपासतोय. एका पानावर ‘माझ्या अपरोक्ष दादांनी गाय विकली’ असं वाक्य आहे. म्हणजे ती घरी नसताना. पुढे वेदान्ताबद्दल लिहिताना तिनेच ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हटलंय आणि तिथे अर्थ नेमका उलटा आहे : स्वतःच्या थेट अनुभवाचं ज्ञान.

संस्कृतात परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. पाणिनीचं ‘परोक्षे लिट्’ हे सूत्रही बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळाबद्दलच आहे. म्हणजे अपरोक्ष हे डोळ्यांसमोरचं. आपट्यांच्या संस्कृत कोशातही हाच अर्थ. तरी आमच्या घरात सगळे ‘माझ्या अपरोक्ष’च म्हणतात, मीसुद्धा.

‘गैरहजेरीत’, ‘माघारी’ हे पर्याय माहीत आहेत, पण आत्या आता नाही, तिचे शब्द शक्यतो बदलायचे नाहीत. ‘माझ्या परोक्ष’ केलं तर व्याकरण जुळतं, पण तिचा आवाज हरवतो. तळटीप दोन ओळींचीच बसेल.

‘नसताना’ या अर्थाचा ‘अपरोक्ष’ जुन्या छापील मराठीत कुणाला आढळलाय का? आणि तो रूढ मराठी शब्द म्हणून तसाच ठेवला तर चूक ठरेल का?