बिस्किट ०, १० की २०?

प्रश्न: पुस्तकांचं कपाट करतोय. बाजू १८ मिमी प्लायच्या, मागची पाठ १२ची. २० नंबरची बिस्किटं (दोन फळ्यांच्या खाचांत गोंदानं बसवायच्या चपट्या लाकडी चकत्या) पाकीटभर आणलीत. सगळीकडे तीच चालतील?

उत्तर १: १८ला खुशाल २० घाल. ते ५६ × २३ मिमी असतं, म्हणजे दोन्हीकडे साधारण १२ मिमी खोल खाच. १२च्या प्लायच्या सपाट अंगात तेवढी खाच पाडलीस तर ब्लेड पलीकडे बाहेर! तिथं ० नंबर, ४७ × १५, खाच आठेक मिमी. १० मधलं, ५३ × १९. जाडी तिन्हींची ४च, त्यामुळे ब्लेड तेच.

आणि घाई करू नकोस. मी सागवानी टेबलाच्या फळ्या जोडल्या आणि दुसऱ्याच सकाळी पॉलिश पेपर मारला. पाण्यातल्या गोंदानं बिस्किटाभोवतीचं लाकूड फुगलेलं, तेच घासलं गेलं. पुढे सुकल्यावर बिस्किटाच्या आकाराचे खळगे, ओळीनं! पॉलिशनंतर तर तिरप्या उजेडात लख्ख दिसायचे. बायको अजून बोट फिरवून दाखवते.

प्रश्नकर्ता: बापरे. गोंद बिस्किटाला लावू का?

उत्तर २: खाचेच्या दोन्ही भिंतींना. बिस्किट दाबलेल्या बीचचं, ओलं झालं की फुगतं; आधी गोंद न लावता सुकी जुळणी करून बघ. पुस्तकांच्या फळ्यांना मात्र बाजूंत खोबण पाड, नुसत्या बिस्किटांवर वजन नको.