छोटं गाढव आणलंय, रोज रात्री ओरडतं. कुठे चुकतंय?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनपासून तासाभरावर राहतो, चार एकर जागा आहे, कोंबड्या आणि पाच शेळ्या आधीपासून आहेत. महिन्यापूर्वी एक मिनिएचर गाढव आणलं, ३ वर्षांचा नर, खच्ची केलेला, खांद्याशी उंची ३३ इंच. राखाडी रंग, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ आणि खांद्यावर आडवी दुसरी, लेकीने नाव ठेवलंय भुऱ्या. विकणारे म्हणाले शेळ्यांबरोबर मजेत राहील, वर कायोटींपासून (इकडचे कोल्ह्या-लांडग्यासारखे प्राणी) राखणही करेल.

पण पहिल्या दिवसापासून संध्याकाळ झाली की हा कुंपणाच्या एका कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, ज्या रस्त्याने ट्रेलर आला त्याच बाजूला तोंड करून, आणि ओरडायला लागतो. मध्येच थांबतो, कान पुढे करून ऐकतो, परत ओरडतो. ऐकून पोटात कालवतं हो. परवा एका शेळीची मान दातात धरली, मी धावले म्हणून सुटली. भुकेने करत असेल म्हणून मी शेळ्यांचाच खुराक एकेक मग दोन्ही वेळा देते, शिवाय अल्फाल्फा. आता मानेवर आयाळीखाली जाड वळी झालीय, जराशी एका बाजूला कललीये. खूर कधी कापायचे तेही माहीत नाही. कोणी पाळलंय का? प्लीज सांगा.

ओहायोकर:
ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी उठून शेळ्यांच्या खुराकाच्या पोत्यावरचं लेबल बघा. मोनेन्सिन लिहिलं असेल तर त्याचा एक दाणाही भुऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. शेळ्यामेंढ्यांना, गाईंना कॉक्सिडियासाठी, म्हणजे आतड्यातल्या परजीवींसाठी, औषध म्हणून चालतं ते, पण घोड्यागाढवांना विष आहे, थेट हृदयाच्या स्नायूंवर जातं आणि त्याला उतारा नाही.

आता ओरडण्याचं. तो एकटा आहे ताई, दुसरं काही नाही. शेळ्या म्हणजे त्याची सोबत नव्हे, गाढवाला गाढवच लागतं. जिच्याबरोबर वाढतात तिच्याशी त्यांची जन्माची जोडी होते, एकत्र चरतात, समोरासमोर उभं राहून एकमेकांची मान दातांनी खाजवतात. शेळीची मान धरली म्हणता ना, तरुण नर खेळतातच असे, पण शेळीची मान मोडू शकते त्यात. तेव्हा आजपासून त्यांना वेगळं ठेवा. राखणीचं तर विसराच, एवढंसं गाढव कायोटींच्या किंवा मोकाट कुत्र्यांच्या टोळीपुढे स्वतःच शिकार होतं, रात्री त्यालाच बंद शेडमध्ये घ्यायला हवं.

माझ्याकडे दोन गाढवी आहेत, सहा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी एकीला दातासाठी दवाखान्यात नेलं आणि दुसरीला घरीच ठेवलं, मला वाटलं एका रात्रीचा तर प्रश्न आहे. सकाळी बघतो तर हिने चाऱ्याला तोंड लावलेलं नाही, पाण्याच्या टबाशी मान खाली घालून उभी, गाजर नाकाशी नेलं तरी बघेना. डॉक्टरांनी रक्त काढलं तर वर दुधासारखा थर. वाचली, पण आठ दिवस मी गोठ्यातच झोपलो. तेव्हापासून कुठेही न्यायचं तर दोघींना एकाच ट्रेलरमधून नेतो, मग काम एकीचंच का असेना. आणि पुढे कधी जोडीतलं एक गेलं तर दुसऱ्याला काही वेळ त्या देहाजवळ राहू द्यायचं, हुंगून, ढोसून त्याचं त्याला कळतं. नाहीतर ते दिवसेंदिवस शोधत बसतं.

गोठ्यातला डॉक्टर:
मी नगर जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे, गाढवं बऱ्यापैकी बघितलीत. वर जो दुधासारखा थर सांगितला तो हायपरलिपिमिया. गाढव उपाशी राहिलं की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं आणि ते थांबवणं त्याला नीट जमत नाही, मग लिव्हर, किडनी दोन्ही बसतात. जितकं जाड तितका धोका जास्त, आणि घर बदलणं, जोडीदार तुटणं, ट्रेलरचा प्रवास, एवढंही निमित्त पुरतं. त्यामुळे रानजाई ताई, मानेवरची चरबीची वळी बघून घाबरून त्याला उपाशी अजिबात ठेवू नका. वजन हळूहळू, महिन्यामहिन्यांनी उतरवायचं. एक दिवस जरी नीट खाल्लं नाही तरी डॉक्टरला बोलवा, उद्या बघू म्हणायचं नाही. गाढव दुखणं दाखवत नाही. पोटदुखीने घोडा लोळतो, गाढव नुसतं गप्प उभं राहतं, आणि लोक म्हणतात गरीब आहे बिचारं.

अल्फाल्फा म्हणजे आपलं लसूणघास, ते दुभत्या गाईला द्या. गाढव मूळचं कोरड्या मुलखातलं जनावर आहे, त्याच्या पोटाला निकृष्ट काडीच मानवते. दात चांगले असतील तर सातूचं काड सगळ्यात उत्तम, तिकडे मिळालं नाही तर गव्हाचं किंवा ओटचं, आणि जोडीला थोडं साधं वाळलं गवत. कोरडा चारा दिवसाला वजनाच्या साधारण दीड टक्का धरा, म्हणजे भुऱ्या ११० किलोचा असेल तर पावणेदोन किलोच्या आसपास. पण हा बदल एका दिवसात करू नका, दोनतीन आठवडे घ्या. धान्य बंद. घोड्यांचं मिनरल आणि स्वच्छ पाणी पुरे.

खूर दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून तासून घ्यायचे, आणि गाढवाच्या खुराची माहिती असलेलाच माणूस बघा, घोड्यापेक्षा गाढवाचा खूर जास्त उभा असतो. ओल्या जमिनीत पाणी शोषून मऊ पडतो आणि सडतो, म्हणून उभं राहायला कोरडी जागा हवीच. अंगावरची लवही पाऊस निथळवत नाही, आतपर्यंत भिजते, तेव्हा तीन बाजूंनी बंद शेड पाहिजे. धनुर्वात आणि रेबीजची लस वर्षाला, तुमच्याकडे वेस्ट नाईल या डासांमुळे पसरणाऱ्या तापाचीही देतात, दात पण त्याच वेळी दाखवा. मानेची वळी आणि लंगडणं एकत्र दिसलं तर खुरातली सूज असू शकते. खुराला हात लावून बघायची सवय ठेवा, गरम लागला तर लगेच फोन.

कुंभारवाडा:
माझ्या आजोबांकडे सात गाढवं होती, माती आणि विटा वाहायला. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर जायचो. तिथे ओठ वर करून दात बघतात आणि त्यावर भाव ठरतो, दातांवरून वय सांगणारी नावं असतात, कोरा, दुवान, चौवान, अखंड. गुजरातकडच्या काठेवाडी गाढवाला गावठीपेक्षा जास्त किंमत. तर आजोबा जोडीतलं एकटं कधी विकत नसत, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. दोन्ही गाढवं ओझं नसताना रस्त्याने मान मानेला लावून चालायची, ते अजून डोळ्यासमोर आहे.

आणि गाढव अडून बसतं ते हट्टाने नव्हे हो. घोडा बिचकला की पळतो, गाढव जागीच थांबतं आणि आधी बघून घेतं. आजोबा अशा वेळी दोरी ढिली सोडून शेजारी उभे राहायचे, दोन मिनिटांनी ते आपणहून पाऊल उचलायचं. तुमच्या लेकीला एवढं शिकवा, खरारा तिलाच करू दे रोज.

ताई, ही जात मूळची कुठली?

ओहायोकर:
@कुंभारवाडा सिसिली आणि सार्डिनिया बेटांवरची. तिकडेही जातं ओढायला, पाणी वाहायला वापरत. १९२९ साली रॉबर्ट ग्रीन नावाच्या माणसाने सार्डिनियाहून पहिली काही अमेरिकेत आणली, इथे ३६ इंचांपर्यंतच्यालाच मिनिएचर म्हणतात. २५-३० वर्षं सहज जगतात, ताईंची लेक कॉलेज संपवून नोकरीला लागेल तरी भुऱ्या असणार आहे.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. लेबल बघितलं. चालू पोत्यात मोनेन्सिन नाही, पण करडांसाठी आणलेलं दुसरं पोतं त्याच शेडमध्ये तोंड उघडं ठेवलेलं होतं आणि त्यात आहे. हात थरथरले माझे. दोन्ही गॅरेजमध्ये कुलपात टाकली. शेळ्यांचं कुंपण वेगळं केलं, काड मिळालं, सध्या थोडं थोडं मिसळतेय.

विकणाऱ्यांना फोन केला, सरळ विचारलं हा कुणाबरोबर राहायचा. एक गाढवी आहे म्हणाले, ४ वर्षांची, दोघं शिंगरं असल्यापासून एकत्र. तो गेल्यापासून तीपण नीट खात नाहीये. मग आधी का नाही सांगितलंत! शनिवारी आणायला जातोय. भुऱ्याला ट्रेलरमध्ये बरोबर न्यावं की घरीच ठेवावं?

गोठ्यातला डॉक्टर:
घरीच राहू द्या, त्याला परत त्या गोठ्यापर्यंत नेऊन आणण्यात उगाच ताण. पण शनिवारपर्यंत थांबू नका, ती खात नाहीये म्हणताय, त्यांना आजच डॉक्टर बोलवायला सांगा, रक्त तपासून ती प्रवास करू शकते असं कळलं की मगच हलवा. निघताना तिच्या सवयीचा चारा चारपाच दिवसांचा मागून घ्या. आणि जमलं तर आज कुणाला तरी तिच्या अंगावरून एक जुनं फडकं फिरवून आणायला पाठवा, भुऱ्याच्या कोपऱ्यात कुंपणाला बांधून ठेवा.