खरेदीदार कंपनीचा खरा मालक कसा शोधावा? (शिवोलीतील वडिलोपार्जित भाटाची विक्री)

शिवोलीकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. शिवोलीत आमचे वडिलोपार्जित घर आणि त्याला लागून माडांचे भाट, म्हणजे बागायत, आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा दाखला) आम्हा तीन भावंडांची नावे आहेत. मी म्हापशाला राहतो, बहीण फोंड्याला असते आणि धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेला तो तिथलाच झाला. घर सांभाळणे कोणालाच जमत नसल्यामुळे ते विकावे असे ठरले आणि दोन महिन्यांपूर्वी एका दलालाने गिऱ्हाईक आणून बाजारभावापेक्षा बराच जास्त भाव सांगितला.

हे गिऱ्हाईक म्हणजे दिल्लीत नोंदलेली एक खासगी कंपनी आहे. पैसे भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून तिची कागदपत्रे काढली, तेव्हा ती गेल्याच वर्षी स्थापन झाल्याचे, तिचे भागभांडवल केवळ एक लाख रुपये असल्याचे आणि जवळजवळ सगळे समभाग ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरील एका दुसऱ्या कंपनीच्या नावे असल्याचे दिसले. त्या कंपनीचा पत्ता टोर्टोला बेटावरील एका टपालपेटीचा आहे. मागे माणूस कोण, असे विचारल्यावर दलाल म्हणाला की पैसे वेळेवर मिळाल्याशी तुम्हाला मतलब. शिवाय किमतीचा एक तृतीयांश भाग भावाच्या नावाने दुबईतील खात्यात भरू, खरेदीखतात तो दाखवायचा नाही, आणि तुम्हा दोघांनाही हवे असेल तर तिथेच खाते उघडून देऊ, असेही त्याने सुचवले.

माझी अडचण केवळ कराची नाही. आमच्या भाटात दोन मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारी) कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. उद्या त्यांना आपला भाटकार कोण असे कोणी विचारले तर त्यांनी टोर्टोलाची टपालपेटी सांगायची का? परदेशी कंपन्यांमागचे लपलेले मालक दाखवणारी पनामा पेपर्स ही कागदपत्रे २०१६ साली उघड झाली, त्यानंतर एवढे कायदे झाल्याचे आपण वाचतो. मग साध्या माणसाला खरेदीदाराचे खरे नाव अजूनही का कळू नये? जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

लेखापाल_म्हापसा

आपण विचारले ते व्यवहार होण्याआधी विचारले, हे फार बरे केले. माझ्याकडे लोक बहुधा नोटीस आल्यावर येतात.

प्रथम दुबईच्या खात्याविषयी, कारण धोका तिथे सर्वांत मोठा आहे. जमीन गोव्यात असल्यामुळे तिच्या विक्रीतून होणारा नफा भारतातच करपात्र आहे, मग विकणारा लंडनला राहत असो वा फोंड्याला. किमतीचा भाग खताबाहेर परदेशात घेतला तर तो सरळ कर चुकवणे ठरते आणि परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा भंगही होतो. आपण आणि आपल्या भगिनी येथील रहिवासी आहात. तुमच्या नावे तिथे खाते उघडून ते विवरणपत्रात दाखवले नाही, तर २०१५ चा काळा पैसा कायदा लागू होतो. त्यात अघोषित परदेशी संपत्तीच्या मूल्यावर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड आहे. म्हणजे शंभर रुपये लपवले तर एकशे वीस रुपये भरायचे, आणि जाणूनबुजून चुकवल्याचे सिद्ध झाल्यास तीन ते दहा वर्षांची सक्तमजुरी वेगळी. याउलट सरळ मार्गाने जमिनीच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे, शिवाय अधिभार व उपकर. वडिलोपार्जित मालमत्तेबाबत निवासी विक्रेत्याला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना हिशेबही पडताळून पाहता येतो. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा असल्यामुळे मालमत्ता सामाईक असलेल्या पती-पत्नींमध्ये हा नफा निम्मानिम्मा वाटला जातो, हेही हिशेबात घ्यावे. एवढा कर वाचवण्यासाठी तुरुंगाची जोखीम कशासाठी घ्यायची?

दुबईतील खाते गुप्त राहते, हा समजही जुना झाला. खातेधारक ज्या देशाचा कर-रहिवासी असेल त्या देशाला बँकांची माहिती दरवर्षी आपोआप कळवण्याची जी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, तीत भारत आणि ब्रिटन २०१७ पासून आणि संयुक्त अरब अमिराती २०१८ पासून आहेत. भावाच्या खात्याची माहिती ब्रिटनच्या कर खात्याकडे जाईल आणि तुमच्या खात्याची दिल्लीला येईल. स्वित्झर्लंडकडूनही अशी पहिली माहिती सप्टेंबर २०१९ मध्ये भारताला मिळाली. बँक खात्यांची गुप्तता खरोखरच कमी झाली आहे. तितक्या प्रमाणात कमी झाली नाही ती कंपन्यांची, आणि आपल्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

आपल्या कंपनी कायद्याच्या कलम ९० नुसार कंपनीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दहा टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्या माणसाने, कंपनीने नव्हे तर हाडामांसाच्या माणसाने, आपले नाव कंपनीला कळवायचे असते आणि कंपनीने ते निबंधकाकडे दाखल करायचे असते. त्याचे नियम २०१८ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. सभासद कंपनीने उत्तर दिले नाही तर न्यायाधिकरणाकडे जाण्याचे बंधनही कंपनीवरच आहे. म्हणजे दिल्लीच्या या कंपनीला आपला खरा मालक माहीत नाही असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. दलालाला सांगा की हे घोषणापत्र दाखल केल्याची प्रत मिळाल्याशिवाय बोलणी पुढे जाणार नाहीत. टोर्टोलाकडे विचारून मात्र काही मिळणार नाही. तेथील सरकारकडे लाभधारकांची, म्हणजे कंपन्यांच्या खऱ्या मालकांची, नोंद असली तरी तुम्ही-आम्ही ती उघडून पाहू शकत नाही.

आणखी एक गोष्ट तपासावी. परकीय भांडवल असलेल्या कंपनीला बांधकाम विकासात गुंतवणूक करता येते, परंतु नफ्यासाठी जमीन घेऊन तशीच विकण्याचा व्यवसाय किंवा फार्महाऊस बांधणे तिला वर्ज्य आहे. ही कंपनी तुमच्या भाटाचे काय करणार, हे लेखी मागा.

डिचोलीहून

लेखापाल महोदयांनी नियम सांगितले, मी अनुभव सांगतो. आमच्या तालुक्याने ही लपवालपवी अब्जावधींच्या प्रमाणात पाहिली आहे.

खनिज माल खाणीवरून बार्जने मुरगावला जायचा आणि तिथून चीनकडे. कागदावर मात्र मधे आणखी एक कंपनी उभी करता येते: इथल्या निर्यातदाराने परदेशातल्या आपल्याच माणसाच्या कंपनीला माल कमी दराने विकल्याचे दाखवायचे, तिने तो चीनमधल्या कारखान्याला पूर्ण दराने विकायचा, आणि मधला फरक जिथे कर नाही तिथे ठेवायचा. जहाज एकच, माल तोच, फक्त बिले दोन. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने गोव्यातील बेकायदा खाणकामाबरोबर निर्यातीच्या मालाची किंमत कमी दाखवण्याचा प्रश्नही तपासला. २०१२ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या या आयोगाच्या अहवालाने सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, आणि एप्रिल २०१४ च्या निकालात खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती असे सांगितले. त्यानंतर काही आठवड्यांतच विदेशातील काळ्या पैशाच्या तपासासाठी विशेष पथक नेमले गेले आणि त्याचे अध्यक्षपदही न्यायमूर्ती शहांकडेच आले. मला यात योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. डोंगर पोखरणे आणि पैसा बाहेर ठेवणे ही दोन प्रकरणे नाहीत.

खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या वडिलांचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते थकले. ज्यांचा नफा आधीच समुद्रापार गेला होता त्यांच्या अंगणात काही उभे राहिले नाही. हा राग मी अजून बाळगून आहे, आणि म्हणूनच शिवोलीकरांना सांगतो: नाव कळल्याशिवाय सही करू नका. आज खाणीच्या जागी तुमच्या बार्देश तालुक्याची जमीन आली आहे, एवढाच बदल झाला.

तारवटी

मी तेवीस वर्षे जहाजावर होतो. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत असूनही एका गोष्टीबद्दल सावध करतो, कारण अशा चर्चेत प्रत्येक परदेशी खाते चोरीचे ठरवले जाते. गोव्यातल्या हजारो तारवट्यांची पगाराची खाती बाहेर आहेत आणि ती पूर्ण कायदेशीर आहेत. अनिवासी असताना कमावलेली संपत्ती परत आल्यावरही बाहेर ठेवण्याची परवानगी फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदाच देतो. फक्त आपण पुन्हा सर्वसाधारण निवासी झालो की ती खाती विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावी लागतात. माझ्या एका सहकाऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते. खात्यात पडून राहिलेल्या थोड्या रकमेसाठी त्याला दहा लाखांच्या दंडाची भीती घालणारी नोटीस आली आणि तो वर्षभर नीट झोपला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, ते योग्यच झाले.

कायद्याचा धाक तारवट्याला लगेच जाणवतो आणि ज्याच्याकडे चार देशांतले वकील आहेत त्याला जाणवत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. कर टाळण्याची रचना करणाऱ्याला न्यायालयात वर्षानुवर्षे लढता येते. व्होडाफोनचेच पाहा. भारतातल्या मोबाइल व्यवसायाची मालकी २००७ मध्ये केमन बेटांवरील एका कंपनीच्या समभागामार्फत हलली, कर खात्याने सुमारे ११,००० कोटींची मागणी केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मग सरकारने जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी पूर्वलक्षी दुरुस्ती केली, ती २०२१ मध्ये मागे घेतली. निव्वळ कर टाळण्यासाठी रचलेल्या व्यवहाराकडे दुर्लक्ष करण्याचा सर्वसाधारण अधिकार कर खात्याला एप्रिल २०१७ पासून मिळाला आहे, आणि मॉरिशसमार्गे समभागांच्या भांडवली नफ्यावरचा कर टाळण्याची वाटही त्याच वर्षीपासून नव्या गुंतवणुकीला बंद झाली. तरीही प्रत्येक बंद वाटेच्या शेजारी नवी वाट शोधणारे पगारी लोक असतात.

शिवोलीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आपण सांगितल्याप्रमाणे लाभधारकाच्या घोषणापत्राची प्रत आणि जागेच्या वापराबद्दलचे लेखी उत्तर मागितले, आणि संपूर्ण किंमत भारतीय बँकेतून, खरेदीखतात नमूद होऊनच यावी असे कळवले. दलालाने नाव दिले नाही. त्याने भाव आणखी वाढवला. भावाचा लंडनहून फोन आला, त्याला आधी दुबईचा मार्ग सोपा वाटत होता, पण तिथली माहिती ब्रिटनच्या कर खात्याकडे जाते हे कळल्यावर त्यानेही नकार दिला. बोलणी आम्ही थांबवली आहेत.

एक काम मात्र या निमित्ताने आधी करायचे ठरवले आहे. दोन्ही मुंडकार कुटुंबांना आपापल्या घराची आणि सभोवतालच्या जागेची खरेदी करण्याचा हक्क १९७५ च्या मुंडकार कायद्याने दिलेला आहे, पण वडिलांच्या हयातीत त्यांनी कधी अर्ज केला नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. या अर्जाची नोटीस भाटकाराला बजावावी लागते, आणि ती स्वीकारायला आम्ही तिघे आज इथे, नावानिशी आहोत. सोमवारी त्यांना घेऊन म्हापशाच्या मामलेदार कार्यालयात जाणार आहे. त्यासाठी कोणते दाखले लागतात, हे कोणाला माहीत असल्यास कृपया त्याआधी कळवावे.