पत्ता आणि लांबी पुरेशी नाही

बफर म्हणजे डेटा ठेवायची मेमरीतली जागा. पत्ता आणि लांबी दिली की तिचं वर्णन संपलं, असं एक म्हणणं आहे. प्रोग्रामपुरतं ठीक आहे, कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) तेवढ्यावर भागत नाही. प्रोग्रामला सलग दिसणारा पत्ता व्हर्च्युअल असतो, रॅममधला खरा नव्हे. खालची पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे भाग) रॅममध्ये कुठेही विखुरलेली असू शकतात. म्हणून लिनक्सच्या ब्लॉक लेयरमध्ये (डिस्कवर वाचणं-लिहिणं हाताळणाऱ्या थरात) बफर म्हणजे तुकड्यांची यादी: कुठलं पेज, त्यात कुठून, किती बाइट. ४०९६ बाइटच्या पेजमध्ये ३००० व्या बाइटपासून सुरू होणारा १०,००० बाइटचा बफर घ्या. पेजेस विखुरलेली असतील तर तुकडे पडतात चार: १०९६, ४०९६, ४०९६, ७१२.

हे पूर्वी असं नव्हतं. कर्नलच्या २.४ आवृत्तीपर्यंत डिस्कच्या प्रत्येक ब्लॉकमागे एक ‘बफर हेड’ (त्या ब्लॉकची नोंद) लागायचं. ४ केबीचे ब्लॉक धरले तरी ६४ केबी लिहायला १६ बफर हेड, आणि ड्रायव्हरकडे जाताना तीच पुन्हा जोडत बसायची. निव्वळ हमाली! २.५ मध्ये कर्नल डेव्हलपर येन्स अ‍ॅक्सबोने ‘बायो’ (अशी तुकड्यांची यादी बाळगणारी विनंती) आणला तेव्हा ती थांबली. पुढे ३.१४ मध्ये (२०१४) ‘किती काम झालं’ हा हिशेब यादीतून काढून वेगळ्या इटरेटरमध्ये (यादीत कुठवर आलो हे सांगणाऱ्या खुणेत) ठेवला. त्यामुळे अर्धवट आयओ (वाचन-लेखन) झाला तरी मूळ यादीला हात लागत नाही, आणि बायोचे दोन भाग करताना दोघांना तीच यादी वापरता येते.