ताक, सोडा आणि निखारे

यीस्टशिवाय आयर्लंडच्या खेड्यांत घरचा पाव फुगायचा कसा? सगळी करामत ताकाची! लोणी काढून उरलेलं आंबट ताक खायच्या सोड्याला भेटलं की लगेच बुडबुडे सुटतात. म्हणून कणीक मळत बसायचं नाही, हलक्या हाताने गोळा करून वर सुरीने खोल फुली मारायची. तिथल्या मऊ, कमी चिवट गव्हाला हेच मानवतं. सोडा मात्र १९व्या शतकातला, त्यामुळे ही रीत फार प्राचीन नव्हे.

मला भारी वाटतं ते बास्टिबल, म्हणजे हा पाव भाजायचं तीन पायांचं बिडाचं भांडं. खाली दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा) विस्तव, झाकणावरही निखारे. उत्तरेत अल्स्टरकडे तोच गोळा थापून, चार तुकडे करून तव्यावर भाजतात. त्या तुकड्याला म्हणतात फार्ल. मूळ अर्थ चौथा हिस्सा, म्हणजे आपला चतकोरच की!